सावलीचे चौकोन

जंगलाची जमीन कुणी आखून घातलेली नसते. पान गळतं, वारा त्याला हवं तिथे नेऊन टाकतो, त्यावर दुसरं पडतं, आणि इतकं सगळं वेडंवाकडं पडूनही कुठे काही चुकलंय असं वाटत नाही. कार्पेट बसवण्याचा धंदा करणारी मुंगी गिऱ्हाइकाला हे सांगायला लागली की तिचा आवाज आपोआप खाली यायचा, प्रार्थना म्हणताना येतो तसा. मग ती कार्पेट टाइलचा एक चौकोन उलटा करून दाखवायची.

"हे बघा, मागे बाण नाही. नेहमीच्या टाइलला बाण असतो. सगळे बाण एका दिशेला लावले नाहीत तर जमीन ठिगळं लावल्यासारखी दिसते. हिला दिशाच नाही. कशीही फिरवा, कुठेही ठेवा. उद्या एखादी खराब झाली तर तेवढीच उचला, दुसरी बसवा. शेजारणीलासुद्धा कळणार नाही."

सूत टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचं, पाठ जुन्याच टाइल दळून केलेली. खाली डिंकाचा थर नाही, नुसत्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या चिकट चकत्या. "देवाच्या घरी काही वाया जात नाही, आपल्या घरी तरी का जावं?" हे तिचं शेवटचं वाक्य. बऱ्याचदा काम याच वाक्यावर मिळून जायचं.

बाबा राहत होते त्या वृद्धगृहाचं कामही याच वाक्यावर मिळालं होतं. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांचं ते घर. तिथल्या दालनात पूर्वी गुळगुळीत, चकचकीत फरशी होती आणि तिच्यावरून बाबा एकदा सपशेल घसरले होते. हाड मोडलं नाही, ही देवाची कृपा. पण मुंगीने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, या माणसाच्या पायाखाली मी मऊ जमीन घालीन. मोठ्या सिस्टरांच्या मागे लागून लागून तिने ते काम मिळवलं, स्वतः गुडघ्यांवर बसून केलं, आणि परवाच पुरं करून घरी आली.

आज सकाळी मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"ताई, ताबडतोब या. तुमचे वडील कालपासून कुणाला दालनात पाऊल ठेवू देत नाहीयेत."

"म्हणजे? भांडतायत?"

"भांडले असते तर बरं झालं असतं. ढकलतायत. सगळ्या खुर्च्या ओढून मध्ये मांडून ठेवल्यात. काढायला गेलं की पुन्हा आणतात. शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाईंची लाल शाल पळवलीय. आज सकाळी तर त्यांचा दंड धरून असं मागे ओढलं की वळ उठलेत. काल दुपारपासून एका जागी बसून घासभर खाल्लेलं नाही." सिस्टर जरा थांबल्या. "डॉक्टरांना फोन केलाय, जेवणं झाली की येतात. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येणार नाही. असंच चाललं तर त्यांना वर हलवावं लागेल."

वर म्हणजे वरचा मजला. तिथल्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि खिडक्या उंचावर होत्या. खालची माणसं दालनातून बागेत जात, बाकावर बसत, उन्हात डुलक्या काढत. लिफ्टमधून वर गेलेली माणसं पुन्हा खाली आलेली मुंगीने कधी पाहिली नव्हती. बागेतल्या बाकावर बाबांची जागा ठरलेली होती. ते तिथे बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत, मधेच विसरत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. तेवढंच सुख उरलं होतं. ते गेलं तर बाकी काय राहणार?

ती गाडीची किल्ली शोधत होती तेव्हा किल्ली तिच्या हातातच होती.

"मी येणार," आत्या म्हणाली. बाबांची धाकटी बहीण, गुडघे कुरकुरणारी आणि जीभ न कुरकुरणारी. तिने डबा कधीच भरून घेतला होता.

"आत्या, आज नको. आज तिथे गोंधळ आहे."

"गोंधळ बघायला तर यायचंय. आणि माझा दादा उपाशी आहे म्हणतेस. चल, हात दे."

वाटेत आत्या देवाचं नाव गुणगुणत होती. नेहमी मुंगीही तिच्यात सूर मिसळायची. आज तिने सूर धरला नाही. सारखा एकच विचार: करायला गेले काय आणि झालं काय. फरशी होती तेव्हा माणूस घसरला, पण राहिला खालीच. मी जंगल घातलं आणि त्याला कुलपात पाठवलं.

दालनाच्या बाहेरच्या बोळात म्हातारी मंडळी गर्दी करून उभी होती. कुणी काठी टेकत, कुणी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. आत जायला कुणी तयार नव्हतं. जणू नाटकाचं दार उघडायची वाट बघतायत.

आत बाबा एकटे होते.

दालन सुंदर दिसत होतं, हे मुंगीच्या डोळ्यांनी आधी टिपलं आणि मग तिची तिलाच लाज वाटली. वाळलेल्या गवताचा रंग, शेवाळी हिरवा, पिकल्या पानाचा तांबूस, आणि मधे मधे ओल्या मातीचा गडद, जवळजवळ काळा. कारखान्याने त्या गडद चौकोनांना सावली म्हटलं होतं. खोक्यातून हाताला येईल तशी टाइल लावायची, हा त्यांचा नियम. पण मुंगीला वाटलं, खऱ्या जंगलात सावली अशी विखुरलेली नसते, झाडाखाली गोळा होते. म्हणून तिने खोक्यांतले गडद चौकोन निवडून काढले आणि ठिकठिकाणी एकत्र लावून, कडा कापून, गोल गोल सावल्या केल्या. त्या गोलांचा तिला भारी अभिमान. सगळं काम संपल्यावर दारात उभी राहून ती कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत बसली होती.

आता प्रत्येक सावलीभोवती खुर्च्यांचं कडं होतं. मधल्या मोठ्या सावलीच्या खुर्चीवर मास्तरीणबाईंची लाल शाल गाठ मारून लटकवलेली. आणि तिच्यासमोर बाबा पाय फाकवून, दोन्ही हात आडवे पसरून उभे. डोळे तांबारलेले.

"बाबा," ती हळूच म्हणाली.

"मागे."

"बाबा, मी मुंगी."

"मुंगी असो नाहीतर हत्ती असो. मागे हो!"

बोळातून कुणीतरी हसलं. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्या हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या.

"कालपासून हेच," त्या म्हणाल्या. "बाकीचे पण आता बिथरलेत. एकेकाला समजावून आणावं तर काठावरच थांबतात. मास्तरीणबाई तर साडी घोट्याच्या वर उचलून धरतात, पाण्यात उतरायचं असल्यासारखं."

मुंगीला वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहिलं की पटेल. आपण दाखवलं की पटतं, हा तिचा धंद्यातला अनुभव. ती हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाली, दोन खुर्च्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "हे बघा बाबा, काही नाही इथे. मऊ आहे. मी उभी राहून दाखवते."

आणि तिने सावलीत पाऊल टाकलं.

बाबांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा तिने आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी झेप घेतली, तिच्या काखेत हात घातले आणि त्या हडकुळ्या शरीरात कुठून बळ आलं देव जाणे, तिला असं ओढलं की दोघंही खुर्च्यांवर कोसळले. खुर्च्या आडव्या झाल्या. बोळात ओरडा झाला. बाबा पडल्या पडल्या तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून होते. त्यांचं काळीज तिच्या पाठीवर धडधडत होतं. "धरलंय, धरलंय, सोडत नाही," एवढंच ते पुटपुटत होते.

सिस्टरांनी त्यांना उठवलं. बाबांचं कोपर खरचटलं होतं.

"पाहिलंत ना?" सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमच्याऐवजी मास्तरीणबाई असत्या तर? मी तुमची शत्रू नाही हो ताई. पण बाकीच्यांचीही कुणी मुलं आहेत."

मुंगीने नुसती मान हलवली. आणि बाबा? बाबांनी उठून पडलेल्या खुर्च्या पुन्हा कड्यात लावल्या, लाल शाल सारखी केली आणि हात पसरून पुन्हा उभे राहिले.

आत्या इतका वेळ दारातल्या स्टुलावर बसून एकटक भावाकडे बघत होती. ती एकदम म्हणाली, "अगं मुंगे, तो भांडत नाहीये."

"मग काय करतायत म्हणतेस?"

"ड्यूटीवर आहे."

मुंगीने वळून पाहिलं.

"तू तेव्हा पाळण्यात. मी त्याचा डबा घेऊन जायची रस्त्यावर. ड्रेनेज खात्यात मुकादम होता ना. गटाराचं झाकण उघडलं की माणसं खाली उतरायची आणि हा वर असाच उभा. असाच, बघ, पाय फाकवून, हात पसरून. भोवती चार बांबू, त्यावर लाल फडकं. मी म्हणायची, दादा, बसून दोन घास खा. तर म्हणायचा, झाकण उघडं असताना बसलो आणि कुणाचं लेकरू आत गेलं तर कुठल्या तोंडाने जेवू? उभ्या उभ्या खायचा. झाकण बसलं की मगच टेकायचा."

बोलता बोलता आत्याचे डोळे भरून आले, पण जीभ थांबली नाही. "आणि तू घातलीयेस काय ही जमीन! मलासुद्धा आल्या आल्या वाटलं, हे खड्डे का ठेवलेत मधेच? म्हटलं असेल काहीतरी नवी टूम."

मुंगीने जमिनीकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिने ती आपल्या डोळ्यांनी पाहिली नाही. मान जरा खाली घातली, पापण्या बारीक केल्या, आणि गवत, पानं, शेवाळ सगळं पुसट झालं. उरली ती गोल काळी भोकं. दालनभर, उघडी, आ वासून. मास्तरीणबाई साडी का उचलतात, बोळातली माणसं काठावर का थांबतात, सगळं लख्ख दिसलं. नजर अधू झालेल्या, मन हरवत चाललेल्या माणसांच्या घरात तिने स्वतःच्या हाताने विहिरी खोदून ठेवल्या होत्या. आणि त्या सगळ्यांना वाचवायला एकटा माणूस काल दुपारपासून उभा होता. त्यालाच शिक्षा होणार होती.

आठवण हा घरमालक आहे, तो एक दिवस निघून जातो. पण सवय नावाची जुनी मोलकरीण घर सोडत नाही. मालक नसला तरी दिवा लावते, दार लोटते. देवाने बाबांकडून बायकोचं नाव नेलं, लेकीचा चेहरा नेला, आणि हे एवढं ठेवलं. का ठेवलं, ते त्याला ठाऊक.

"सिस्टर," मुंगी म्हणाली, "मला डॉक्टर येईपर्यंत वेळ द्या. मी हे काळे सगळे उचलते."

"आत्ता? सगळी जमीन उखडणार?"

"उखडायची नाही. खाली डिंकच नाहीये. काळे काढायचे आणि कपाटांखालचे, सोफ्याखालचे फिके तिथे लावायचे. हिला दिशा नाही, कुठलाही कुठेही बसतो."

"आणि हे तुम्हाला हात लावू देतील?"

ते मुंगीच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि बाबांनी लगेच हात आणखी पसरले.

"त्याच्याशी लेक होऊन बोलू नको," आत्या म्हणाली. "लेक त्याच्या हिशोबात अजून परकर नेसून घरी खेळतेय. खात्यातली होऊन बोल."

मुंगी धावत गाडीकडे गेली. माल उतरवताना घालायचं पिवळं चमकणारं जाकीट तिने अंगात चढवलं, डोक्याला रुमाल बांधला, कटर आणि रबरी हातोडा घेतला. मागे उरलेलं एक खोकं होतं, त्यात थोड्या फिक्या टाइल निघाल्या. त्या छातीशी धरून ती परत आली. हे जमलं नाही तर दुसरा उपाय नव्हता.

बाबांपासून थोड्या अंतरावर ती थांबली आणि रस्त्यावरच्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "मुकादम! झाकणं आलीत."

बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. जाकीट पाहिलं. हातोडा पाहिला. चेहऱ्यावर त्यांची नजर क्षणभरही थांबली नाही.

"ही वेळ झाली का यायची?" ते कडाडले. "कालपासून एकटा उभा आहे मी! कुठल्या गँगची तू?"

मुंगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते गिळलं. "गाडी नव्हती, मुकादम."

"गाडी नव्हती म्हणे. गाडी नेहमीच नसते. कर सुरू. काठाने. आत वाकू नको. मी धरतो."

आणि काम सुरू झालं. ती पालथी पडून काळा चौकोन उचलायची आणि बाबा तिच्या जाकिटाची मागची बाजू मुठीत धरून उभे राहायचे, ती आत जाऊ नये म्हणून. मग ती फिका चौकोन ठेवायची, कोपरे दाबायची, हातोड्याने ठोकायची. बाबा आधी टाचेने आपटून बघायचे, मग एक पाय टाकायचे, मग दुसरा. मगच म्हणायचे, "बसलं. पुढचं." एकदा म्हणाले, "हलतंय," आणि खरंच घाईत तिने एका कोपऱ्याला चकती लावली नव्हती. कापलेले अर्धे तुकडे काढायचे तिथे तर त्यांनी तिला दोनदा परत करायला लावलं.

सिस्टर अजून दारातच होत्या. मग त्यांनी दोन मदतनिसांना हाक मारून सोफे हलवायला लावले. कपाटाखालच्या फिक्या टाइल बाहेर आल्या आणि त्यांच्या जागी काळ्या गेल्या, जिथे कुणाची नजर पडत नाही तिथे. एक सावली मिटली, मग दुसरी. बोळातली माणसं पुढे सरकून बघायला लागली. आत्याने भजनाचा सूर धरला. त्या सुरावर हातोडा पडायला लागला, तसे बोळातल्या दोघातिघांनीही नकळत मान डोलवायला सुरुवात केली.

पण मधल्या मोठ्या सावलीशी येऊन फिक्या टाइल संपल्या. सोफे झाले, कपाटं झाली, खोकं रिकामं झालं. काळं सगळं उचललेलं, आणि मधे खालचं करडं काँक्रीट उघडं पडलेलं. ते काळ्यापेक्षाही वाईट दिसत होतं. बाबांनी मुठीतलं जाकीट आणखी घट्ट धरलं.

"अर्धवट ठेवायचं नाही," ते म्हणाले. "अर्धवट सगळ्यात वाईट. माणसाला वाटतं बंद आहे."

"माल संपला, मुकादम."

"मग मी थांबतो."

आणि ते पुन्हा हात पसरून उभे राहिले. बाहेर गाडीचं दार वाजलं. मदतनीस खिडकीतून बघून म्हणाली, "डॉक्टर आले."

मुंगीची पाचावर धारण बसली. तिने वेड्यासारखं चहूकडे पाहिलं. कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या पडद्यामागे काही उरलंय का? तिला काहीच दिसेना. देवा, मोठं काही मागत नाही रे. चार चौकोन दे.

"माझ्या खोलीत आहे ना हेच कार्पेट?" सिस्टर म्हणाल्या.

मुंगीने वर पाहिलं. तिनेच घातलं होतं. उरलेल्या मालातून, आग्रह करून.

"टेबलाखालचं घ्या. लवकर." आणि कुणी काही बोलायच्या आत त्या स्वतःच आपल्या खोलीकडे चालायला लागल्या. "काळं लावा तिथे. तशीही त्या खुर्चीत बसलं की रोज खड्ड्यात बसल्यासारखंच वाटतं."

डॉक्टर बाहेर काठीवाल्या कुणाशी तरी बोलत उभे होते, तेवढ्यात शेवटचे चौकोन आले. मुंगीच्या बोटांना कटर लागलं होतं, ते तिला नंतर कळलं. बाबांनी टाच आपटली. एक पाय. दुसरा पाय. मग ते मधोमध उभे राहिले, सगळीकडे नजर फिरवली, आणि लाल शाल सोडवून हवेत हलवली.

"बंद! सोडा वाहतूक!"

बोळातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. बाबा सरळ मास्तरीणबाईंकडे गेले, ज्यांचा दंड त्यांनी सकाळी ओढला होता. शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

"चला, आई. आता भीती नाही. मी पाहिलंय."

मास्तरीणबाईंनी साडी उचलली, जमीन पाहिली, आणि साडी हळूच खाली सोडली. त्यांचं कोपर धरून बाबा निघाले. दोन म्हाताऱ्या जिवांची ती चाल, पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा टाकायचं. पाठोपाठ बाकीचे निघाले. मुंगी भिंतीला टेकून उभी होती.

पलीकडे बागेचं दार होतं आणि डॉक्टर त्याच दाराने आत आले. पाय पुसायला म्हणून दारातल्या पायपुसण्यावर थांबले. पायपुसणं इतका वेळ सोफ्याआड झाकलेलं होतं; मोठं होतं, जाड होतं, आणि काळंकुट्ट होतं.

बाबांनी ते पाहिलं. त्यांनी मास्तरीणबाईंचा हात सोडला आणि डॉक्टरांच्या दिशेने झपाट्याने निघाले.

"बाबा!" मुंगीच्या तोंडून निघालं. काही उपयोग नव्हता. आता ते ओढणार, आता डॉक्टर पडणार, आणि मग लिफ्ट आणि कुलूप. तिला पळताही येईना.

पण बाबा पायपुसण्याच्या काठावर थांबले. कालपासून एकट्याने किल्ला लढवणारा माणूस आता घाबरलेला नव्हता. त्यांच्या मागे त्यांची गँग होती. त्यांनी एक पाय मागे रोवला आणि उजवा हात पुढे केला.

"साहेब, हलू नका. खाली बघू नका. हात द्या मला."

डॉक्टरांनी गोंधळून सिस्टरांकडे पाहिलं. सगळं दालन सिस्टरांकडे बघत होतं.

"द्या हात, डॉक्टर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि मोठी ढांग टाका. झाकण उघडं आहे."

डॉक्टरांनी हात दिला. मोठी ढांग टाकली. बाबांनी त्यांना गवताच्या रंगावर उतरवून घेतलं, पाठ थोपटली आणि म्हणाले, "वाचलात."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी त्या पायपुसण्याकडे पाहिलं, मग दालनातल्या जमिनीकडे, कोपऱ्यातल्या काळ्या तुकड्यांच्या ढिगाकडे, पिवळं जाकीट घातलेल्या बाईकडे. "खुर्च्यांचं काय म्हणत होतात तुम्ही फोनवर?" त्यांनी सिस्टरांना विचारलं.

"खुर्च्या परत जागेवर जातायत."

"वर न्यायचं म्हणत होतात."

"आज नको," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला. मुंगीने तेवढंच पदरात घेतलं. देवाने एवढं दिलं तर एवढं घ्यावं. तिने पायपुसणं गुंडाळून काखेत मारलं आणि दारातल्या जागेवर सिस्टरांच्या खोलीतून आणलेल्यांतला उरलेला एकुलता एक फिका चौकोन ठेवला. बाबांनी टाच आपटून पाहिली.

"आता झालं," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघत त्यांनी एक खुर्ची ओढली, दालनाच्या बरोबर मध्ये, जिथे मोठी सावली होती तिथे, आणि बसले. कालपासून पहिल्यांदा. गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी लांब श्वास सोडला.

"दादा, डबा," आत्या म्हणाली.

"आण. आणि त्या पोरीलापण दे काहीतरी. चांगली आहे कामाला. हात चालतो तिचा."

मुंगी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. बाबा जेवत होते. सावकाश, बसून. ती त्यांच्याकडे बघत होती आणि घास तोंडात फिरत होता. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. दुपार कलली होती. बागेतल्या मोठ्या झाडाची खरी सावली काचेतून आत आली होती आणि कार्पेटवरून हळूहळू पुढे सरकत होती. गोल, गडद, काठाशी पानांची नक्षी असलेली. ती उचलून कपाटाखाली ठेवता येणार नव्हती.

बाबांचा हात घासावर थांबला. त्यांनी अजून पाहिली नव्हती, फक्त मान वळत होती.

मुंगी उठली आणि घाईघाईने पडदा ओढायला गेली.